धोबीखान्यामागचा क्रूस

बुसान, १६ फेब्रुवारी १९८१

प्रिय लुसियाताई,

तुझं नाताळचं पत्र जानेवारीतच हाती आलं आणि उत्तर आज लिहायला घेतेय. त्यावरूनच तू ओळखलं असशील की घरात काहीतरी बिनसलंय. आधी गोड लिहिते, कडू मागून.

सिस्टर इंगेबोर्ग आपल्या हॉस्पिटलचा इतिहास लिहिताहेत, आणि त्यासाठी त्यांना माझ्याही आठवणी हव्या आहेत, हे वाचून मी पत्र मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. भात करपला. त्यांना लिही, की लढाई पेटली त्या वर्षी, पन्नास साली, पानगळीत त्यांचं जहाज बुसानला लागलं तेव्हा आम्ही अजून उत्तरेत, हामहुंगला होतो; आणि त्याच हिवाळ्यात निर्वासितांच्या बोटीतून उतरलेल्या दोन मुलींना त्यांनी कामावर ठेवलं, ते केवळ नन्सच्या शाळेत शिकलेल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीवर. मला 'गुड मॉर्निंग, मदर सुपीरियर' एवढं एकच वाक्य न अडखळता येत होतं, आणि पहिल्या दिवशी मी ते एका दाढीवाल्या सर्जनला म्हटलं होतं.

हेही लिही, की बुसानच्या ज्या शाळेत हॉस्पिटल थाटलं तिथले बाक काढून त्यांनी त्या वर्गांतून लोखंडी खाटा मांडल्या, पण आपल्या माणसांना त्या उंच खाटांवर झोप येईना. उबदार जमिनीची सवय. दिवे गेले की जखमी जवान एकेक करून खाली उतरायचे आणि पहाटे सिस्टर इंगेबोर्ग येऊन बघतात तर सगळा वॉर्ड फरशीवर. त्या बिचाऱ्या समजायच्या की सगळेच पडले. पहिला आठवडाभर त्यांनी खाटांना दोऱ्या बांधायला लावल्या होत्या. मग तू त्यांना समजावलंस, आणि त्यांनी खाटांमधल्या जागेत चटया टाकून दिल्या. तहानंतर गावातली क्षयाची माणसं आणि मुलं यायला लागली तेव्हा तर चटयाच जास्त होत्या. ते हॉस्पिटल सत्तावन साली बंद झालं आणि खाटा वाटून टाकल्या, त्यातली एक अजून आमच्या अंगणात आहे. तिच्यावर मी मिरच्या वाळवते.

आता कडू.

ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. साखरेचा आजार तुला माहीत आहेच. डॉक्टर म्हणतात, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. थांबलो तर विष वर चढेल आणि मग काही करता येणार नाही. हे नाही म्हणतात. ओरडत नाहीत, चिडत नाहीत, नुसते नाही म्हणतात. डॉक्टरांना शांतपणे सांगितलं, "डावा त्या परदेशी हॉस्पिटलने घेतला. तो कुठे आहे ते मला सांगा, मग उजवा न्या."

मी रडले, लेक मिन्ही रडली, फादर येऊन समजावून गेले. त्यांना म्हणाले, "फादर, वडिलांसमोर असा अर्धामुर्धा जाऊन उभा राहू तरी कशावर?" आणि वर हसले.

ताई, हा नुसता हट्ट नाही. ह्यांचे आईवडील तिकडे उत्तरेत राहिले. मेले असतील तर कधी, हेसुद्धा ठाऊक नाही. थडग्यावरचं गवत कापता आलं नाही, सणाला नैवेद्य ठेवता आला नाही. मुलगा म्हणून एकच गोष्ट हातात उरली आहे असं ह्यांना वाटतं, की त्यांनी दिलेलं शरीर पुरतं मातीला द्यायचं. ते समजून मी काय करू? मला हे जिवंत हवे आहेत.

मी तेव्हा मुलांच्या वॉर्डात होते. ऑपरेशनकडे तू होतीस. तो पाय कुठे गेला? भट्टीत गेला असेल तर तसं लिही. पुढचं मी बघेन.

तुझी,
अगाथा

*

कोलोन, २७ फेब्रुवारी १९८१

अगाथा,

भट्टीत नाही गेला. मी पुरला.

ज्यांचे हातपाय जात, त्यांचे लोक कुंपणाबाहेर चुली मांडून बसलेलेच असायचे. ते आपलं आपलं गुंडाळून गावी घेऊन जात. तुझ्या गिचोलचं दक्षिणेत कुणी नव्हतं. भट्टीवरचा माणूस हात पुढे करून उभा होता, आणि मला ते बघवेना. मी चादरीचा तुकडा मागून घेतला, पाय गुंडाळला आणि धोबीखान्याच्या मागच्या चढावर गेले. ओढ्याच्या वर दोन पाइनची झाडं होती, त्यांच्या मधोमध.

माझ्या मागे सिस्टर इंगेबोर्ग आल्या. त्यांना वाटलं मी एखादं मेलेलं बाळ घेऊन चाललेय. बघितल्यावर त्यांनी कुदळ माझ्या हातातून घेतली. मी खड्डा सपाट करणार होते, तर त्यांनी आपल्याकडे असतो तसा मातीचा छोटा उंचवटा केला आणि दुसऱ्या दिवशी सुताराकडून लाकडी क्रूस आणला. नाव काय लिहू म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. जिवंत माणसाचं नाव कुणी थडग्यावर लिहितं का? त्यांना ते पटलं, की नुसतंच भ्याल्या, कोण जाणे. क्रूस कोरा राहिला.

गिचोलला मी तेव्हा सांगितलं होतं की पाय नीट जागी आहे. तापात होता, विसरला असणार. नंतर त्याने विचारलं नाही आणि मग तुमचं लग्न ठरलं, नव्या नवरीच्या नवऱ्याशी असलं काय बोलायचं. सहासष्ट साली मी इकडे नर्स म्हणून आले. आता ती जागा तशीच असेल असं धरून बसू नकोस.

ओळख पटवायची वेळ आली तर: डावा पाय, गुडघ्याखाली चार बोटं सोडून कापलेला. नडगीचं हाड लहानपणी मोडून वाकडं जुळलेलं होतं, मधे गाठ होती. घोट्याच्या आतल्या बाजूला भाजल्याचा डाग होता, लांबट, पानासारखा. डाग आता कुठला असायला, पण लिहिलं आपलं.

आणि नाहीच सापडला, तर खाटकाकडून एखादं हाड आण, कापडात गुंडाळ, आणि हाच तो म्हणून सांग. पाप माझ्या नावावर घाल. ऑपरेशन करून घे, अगाथा. इथे मी रोज असले पाय बांधते. हा काळा रंग थांबत नाही.

लुसिया

*

बुसान, १४ मार्च १९८१

प्रिय ताई,

खाटकाचं हाड मी आणणार नाही. तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्याशी मी एकदाच खोटं बोलले, हिवाळ्याच्या किमचीत मीठ जास्त पडलं तेव्हा, आणि तेही लगेच पकडलं गेलं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. तू चादरीचा तुकडा मागितलास तिथे त्यांनी डोळे मिटले ते शेवटपर्यंत. मग म्हणाले, "नडगीचं हाड. माणसाएवढ्या उंचीच्या झाडावरून पडलो होतो आणि मार मात्र डोंगरावरून पडल्यासारखा खाल्ला वडिलांचा." घोट्याच्या डागाबद्दल काही बोलले नाहीत. तुला तो डाग अजून आठवतो, ताई. मी तो पाय कधी पाहिलाच नाही. मला हे भेटले तेच एका पायावर.

दुसऱ्या दिवशी गेले. धोबीखाना नाही, ओढा नाही, चढसुद्धा नाही. सगळा डोंगर कापून तिथे आठ-आठ मजली घरं उभी आहेत, गॅलऱ्यांतून मासे वाळत घातलेले. पहारेकरी म्हणाला, बाई, झाडं विचारताय, मी इथला डोंगरही बघितलेला नाही.

परतावं असं वाटलं, पण पाय निघेना. कोपऱ्यावर जुनं सार्वजनिक न्हाणीघर अजून चालू होतं, तिथे शिरले. म्हटलं, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका भेटतील तर इथेच. पाठ घासणाऱ्या बाईकडे पाठ दिली आणि विचारलं, की इथे डोंगरावर एक क्रूस होता, आठवतो का.

तिने हात थांबवला नाही. "सैनिकाचं थडगं ना? ते सुदोकच्या आईचं."

म्हटलं, तिच्या मुलाचं?

"तिचं नाही, पण तिचंच," ती म्हणाली, आणि शेजारच्या टाकीतली दुसरी म्हातारी म्हणाली, "धड सांग की गं, पाहुणी आहे. आणि कातडं ठेव तिच्या पाठीवर थोडं."

मग दोघींनी मिळून सांगितलं ते असं. सुदोक तिचा एकुलता एक. लढाईत गेला तो गेला. मेल्याचा कागद नाही, देह नाही, पत्र नाही. हॉस्पिटल बंद झाल्यावर ती सरपणाला त्या चढावर जायची, तिथे तिला हा बिननावाचा क्रूस आणि खचत चाललेला उंचवटा दिसला. लहानसा होता, तरी तिने मनाशी धरलं की कुणातरी आईचा पोरगा आहे, परदेशी डॉक्टरांनी घाईत पुरलेला. मी ह्याचं गवत कापते, म्हणाली, माझ्या सुदोकचं तिकडे कुणीतरी कापेल. तेव्हापासून वर्षातून दोनदा, वसंतात हान्सिकला आणि पानगळीत चुसोकला, गवत, फळं, सुका मासा, तांदळाच्या दारूचा प्याला. एक सण चुकवला नाही. डोंगर कापायचा ठरला तेव्हा बेवारशी थडग्यांची नोटीस लागली, तर ती म्हणे कचेरीत जाऊन भांडली, की हे बेवारशी नाही. आणि त्या वर्षीच्या अधिक महिन्यात, थडगी हलवायला बरा काळ म्हणून, स्वतः माणूस लावून ते शहराबाहेर गिजांगला सासरच्या जागेत नेलं. नवऱ्याच्या पायथ्याशी. आता तीही तिकडेच राहते.

म्हणजे पाय आहे, ताई. सापडला. आणि मी न्हाणीघरातून बाहेर आले ती रडत, आनंदाने नव्हे.

सत्त्याहत्तर वर्षांची बाई आहे ती. तिला जाऊन काय सांगू? की ज्याला इतकी वर्षं मुलाच्या जागी जपलंत तो माझ्या नवऱ्याचा पाय आहे, तेवढा काढून द्या? ह्यांना अजून हे कळवलेलं नाही. काळं आता शेजारच्या बोटावर आलंय.

तुझी,
अगाथा

*

कोलोन, २३ मार्च १९८१

अगाथा,

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी सिस्टरना फोन केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागलं; शेजारणीने भिंतीवर ठोकलं.

आधी त्यांनी मला त्यांच्या इतिहासातला तो परिच्छेद वाचून दाखवला. धोबीखान्यामागे दोन पाइनखाली आम्ही एका अनोळखी कोरियन जवानाला मूठमाती दिली, त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. मी म्हटलं, सिस्टर, तो जवान नव्हता. तो पाय होता. त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा ओरडले, "पाय."

शेवटी मला जुन्या कोरियन नावाने हाक मारून म्हणाल्या, "बोक्सुन, मी त्याच्या आत्म्यासाठी दर नोव्हेंबरला प्रार्थना करते."

म्हटलं, वाया नाही जायची, मालक जिवंत आहे. तेव्हा हसल्या. हसताना खोकला लागला आणि मग रडल्या असाव्यात. तो परिच्छेद काढून टाकू का विचारत होत्या. मी म्हटलं, थांबा, गोष्ट अजून संपलेली नाही.

आता तुझं. तू लहानपणापासून अशीच. वर्गात कुणाला छडी बसली की हात तू चोळायचीस. आजीचं मन मोडेल, मान्य. पण तिचा मुलगा तू सांगितलंस म्हणून जाणार नाही आणि लपवलंस म्हणून येणार नाही. गिचोल मात्र जाणार आहे, आणि तो अजून आहे. गिचोलला सगळं सांग. दोन म्हातारी माणसं आपापलं बघून घेतील. आपण दोघी मधे पडून काय सांभाळतोय?

ह्या पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस. आधी जा.

लुसिया

*

बुसान, १५ एप्रिल १९८१

प्रिय ताई,

गेले. आम्ही दोघं गेलो.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, सापडला म्हणून चेहरा उजळेल. तसं काही झालं नाही. मग विचारलं, "सुका मासा कुठला ठेवते ती? पोलॉक?" मला कुठलं माहीत. सकाळी उठून त्यांनी काळा सूट मागितला, मिन्हीच्या लग्नातला. आठवड्यावर हान्सिक आलं होतं. म्हणाले, घरी नको जायला, तिच्या दारात मागायला गेल्यासारखं होईल. तिथेच भेटू.

टॅक्सी बांधापर्यंत गेली. थडगी तिथून हाकेच्या अंतरावर, पण ते अंतर चालायला आम्हाला किती वेळ लागला. एका बाजूला लाकडी पाय, दुसरा फडक्यात गुंडाळलेला, दोन काखेत कुबड्या, आणि माझ्या हातात नैवेद्याचं गाठोडं. दुरून एक बुटकी म्हातारी दिसत होती, डोक्याला रुमाल, विळ्याने गवत कापत होती. मोठ्या उंचवट्याच्या पायथ्याशी एक अगदी छोटा उंचवटा, त्याच्यावर क्रूस. तो तोच नसणार, लाकूड नवं होतं. तिनेच बदलून घेतला असणार.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. आधी नमस्कार, मग हॉस्पिटल, मग तू, मग सिस्टर. त्यातलं एकही लागलं नाही. तिने मान वर केली, ह्यांच्याकडे बघितलं, लाकडी पायाकडे बघितलं. विळा खाली ठेवला.

"डावा?" म्हणाली.

हे म्हणाले, "डावा."

"नडगी मोडलेली होती?"

"झाडावरून पडलो होतो. नऊ वर्षांचा असताना."

"उशीर केलास," ती म्हणाली.

तिला माहीत होतं, ताई. थडगं हलवताना खणणाऱ्याने उघडलं तर आत एवढंच निघालं. तो हसायला लागला, म्हणाला, आजी, तुमचा जवान तर पळाला. ती त्याला म्हणाली, गप, ही चांगली बातमी आहे. पाय इथे आहे म्हणजे बाकीचा कुठेतरी जेवत असेल. त्याला मुकाट्याने गुंडाळायला लावलं आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोहल्ल्याने हसून घेतलं असतं, वर हाडाला कसली दारू पाजतेस म्हणून शहाणपण शिकवलं असतं. पण तिला त्या दिवसापासून बरं वाटायला लागलं होतं. मेलेल्याचं थडगं सांभाळताना ती सुदोकला मेलेला धरत होती. पाय सांभाळायला लागली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माणसं अशीही हरवतात. थोडी इथे, बाकीची कुठेतरी.

हे सगळं ती गवत गोळा करत सांगत होती, बाजारभाव सांगावा तसं. मग हात झटकले आणि म्हणाली, "न्यायला आलास ना? ने. विळा आहे, फावडं खाली झोपडीत आहे."

हे तसेच कुबड्या टेकून उभे होते. मग त्यांनी गाठोडं सोडायला सांगितलं, प्याला भरला, आणि पायाच्या थडग्याला नाही, तिच्या हातात दिला. दोन्ही हातांनी. खाली वाकता येत नाही म्हणून मान जेवढी झुकेल तेवढी झुकवली.

"आजी, माझ्या आईवडिलांच्या थडग्यावरचं एक पातं मी कधी कापलं नाही," ते म्हणाले. "आणि माझ्या पायावरचं मात्र तुम्ही दरवर्षी कापत आलात. नेऊन मी ठेवू कुठे ह्याला? ह्यापेक्षा बरी जागा मला कुणी देणार नाही."

तिने प्याला संपवला. तोंड पुसलं. "मग आलास कशाला, पायमोड करून?"

"विचारायला. शेजारी जागा आहे का?"

तिने जमिनीकडे बघितलं, ह्यांच्या फडक्यात बांधलेल्या पायाकडे बघितलं. तिने आयुष्यात काय काय बघितलंय कुणास ठाऊक, काही समजावून सांगावं लागलं नाही. नजरेनेच जागा मापली.

"अख्ख्याची, की पायाची?"

"आधी पायाची," हे म्हणाले.

"पायाची आहे. अख्ख्याची मागून बघू, त्याची काही घाई नाही."

ताई, इतके महिने मी, फादर, डॉक्टर, मुलगी, सगळ्यांनी जे मागितलं होतं ते मला असं मिळालं, थडग्यांशी बसून, गवताच्या पेंढ्याला टेकून. मग आम्ही तिघांनी जेवून घेतलं. तिने सुदोकबद्दल सांगितलं. त्याला मासा अजिबात आवडत नसे, म्हणून ती इथे मासा ठेवायची, की निदान ह्याला आवडत असेल. हे म्हणाले, आवडतो, फार आवडतो. ते तेवढं खोटं होतं. त्यांनी सुदोकच्या नावाने एक प्याला वेगळा भरला आणि तो तिने जमिनीवर ओतू दिला नाही. येईल तेव्हा तो स्वतः पिईल, म्हणाली, आणि तो ह्यांनाच प्यायला लावला. डॉक्टरांना हे कळवू नकोस.

ऑपरेशन परवा झालं. नीट झालं. ताप नाही, सकाळी पेज खाल्ली आणि मीठ कमी म्हणून तक्रार केली. सिस्टरना म्हणावं, परिच्छेद काढू नका, नोव्हेंबरची प्रार्थनाही चालू राहू द्या, जवानाचं नाव तेवढं घालायला हरकत नाही, त्याने परवानगी दिली आहे.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी आणि मिन्ही बाहेर बाकावर बसलो होतो, तर समोरून आजी आली. गिजांगहून पहिली बस पकडून. आमच्याकडे बघितलंही नाही, सरळ दरवाजाशी जाऊन उभी राहिली. नर्स म्हणाली, आजीबाई, इथे फक्त जवळच्या नातेवाइकांना थांबता येतं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, आपण पेशंटच्या कोण.

ती म्हणाली, "त्याचे पाय माझ्याकडे असतात."

डॉक्टर एकदा माझ्याकडे बघत राहिले, एकदा तिच्याकडे. मी बाकावरून उठले आणि तिला बसायला जागा करून दिली.

तुझी,
अगाथा